विंडोज ठेवून लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, घेता येतात. विंडोज ११वर जायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. ही पिढी बाजारात आली २०१७च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१६ साली घेतलेला, आठ जीबी रॅमचा, आजही कुरकुर न करता चालणारा लॅपटॉप बिघाड काहीच नसताना बाद ठरतो. अशा यंत्राच्या मालकाला सहसा दोनच सल्ले मिळतात: नवं घ्या, नाहीतर सगळं पुसून लिनक्स टाका. पहिला खिशाला परवडत नाही आणि दुसऱ्याने परतीची वाट बंद होते. तिसरा मार्ग आहे तो ड्युअल बूटचा: त्याच डिस्कवर विंडोज राहू द्यायचं, शेजारी लिनक्स टाकायचं आणि संगणक सुरू करताना हवं ते निवडायचं. या मार्गाचं नाव काढलं की 'डेटा उडेल' ही भीती पुढे येते. ही भीती ज्या यंत्ररचनेतून जन्मली ती रचनाच बहुतेक संगणकांतून गेली आहे. धोके आजही आहेत, पण ते मोजके आहेत, वेगळ्या ठिकाणी आहेत आणि आधी ओळखता येण्याजोगे आहेत.

मुळात दोन सिस्टीम कशाला हव्यात, याचं उत्तर कामातून मिळतं. मराठी छपाईच्या व्यवसायात कित्येक वर्षांचा मजकूर श्री-लिपीसारख्या प्रणालींच्या युनिकोडपूर्व फाँटांत साठलेला आहे. पुस्तकांच्या जुन्या फाइली पेजमेकरमध्ये आहेत आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, ही २००१ सालची. ही सॉफ्टवेअरं विंडोजची. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनच्या मदतीने त्यातलं काही चालवून पाहता येतं, पण छपाईला जायच्या पानावर एक वेलांटी जरी हलली तरी ते पान फुकट जातं. तिथे 'बहुतेक चालतं' याला काही अर्थ नसतो. हिशेबाच्या टॅलीचं तेच आणि ज्याचा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी आहे अशा जुन्या स्कॅनरचंही तेच. दुसरीकडे ब्राउझर, ईमेल, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ, युनिकोड मराठीतलं लेखन ही रोजची कामं लिनक्सवर विनासायास होतात. इनस्क्रिप्ट कळफलक तर दोन्हीकडे आहे. आता या दोन याद्या धोक्याच्या अंगाने पाहा. दुरुस्त्या बंद झालेल्या सिस्टीमवर हल्ला येतो तो मुख्यतः इंटरनेटच्या वाटेने. पेजमेकरमधलं पान लावायला इंटरनेट लागत नाही. बँकेचं काम मात्र त्याच्याशिवाय होत नाही. तेव्हा विंडोज १०चं वाय-फाय बंद करून ते जुन्या कामांपुरतं ठेवायचं आणि इंटरनेटवरचं सगळं काम दुरुस्त्या मिळत असलेल्या लिनक्सवर न्यायचं, अशी वाटणी केली की दोन्ही प्रश्न एकदम हलके होतात. बाहेरून आणलेला पेन ड्राइव्ह हा धोका उरतोच, पण तो हाताळणं माणसाच्या हातात असतं. माझ्या मते ड्युअल बूटच्या बाजूने आज सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. हौशी तंत्रप्रेमींपेक्षाही तो छोट्या छापखान्यांच्या आणि दुकानांच्या कामाचा आहे.

जुनी भीती समजून घ्यायची तर डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटकडे पाहावं लागतं. बायोसच्या काळात संगणक सुरू झाला की तो डिस्कचा पहिला सेक्टर वाचायचा आणि तिथे जे सापडेल ते डोळे मिटून चालवायचा. या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. १९८३च्या पीसी डॉस २.०पासून तो रूढ झाला. ५१२पैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्याला आणि उरलेले दोन बाइट खुणेला. तक्त्यात सोळा बाइटची एक नोंद, म्हणून चारच मुख्य पार्टिशनं. पण खरी अडचण त्या ४४६ बाइटची होती: जागा एकच, दावेदार दोन. जी सिस्टीम नंतर टाकली जाई ती आधीचीचा प्रोग्रॅम पुसून आपला लिही. लिनक्स आधी आणि विंडोज नंतर टाकलं की लिनक्स दिसेनासं होई. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा नियम त्यातूनच पडला. उलट, लिनक्सचं पार्टिशन कुणी विंडोजमधून काढून टाकलं की ग्रब हा बूटलोडर आपल्या उरलेल्या फाइली शोधत काळ्या पडद्यावर थांबे आणि विंडोज जागच्या जागी शाबूत असूनही सुरू होत नसे. ज्यांनी तो काळा पडदा पाहिला त्यांच्या दृष्टीने डेटा गेलेलाच असे. तो बहुधा गेलेला नसायचा. गेलेली असायची ती फक्त त्याच्यापर्यंत जायची वाट.

बायोसची जागा घेणाऱ्या युईएफआयने ही एका जागेची मारामारीच संपवली. इंटेलने मुळात इटेनियम प्रोसेसरसाठी सुरू केलेलं हे काम २००५मध्ये अनेक कंपन्यांच्या सामाईक मंचाकडे गेलं आणि २०१२च्या विंडोज ८पासून घरगुती संगणकांत ते सर्रास आलं. यात डिस्कवर एक छोटं पार्टिशन खास बूटसाठी राखलेलं असतं. ते फॅट३२ पद्धतीचं असतं आणि विंडोजने तयार केलं असेल तर बहुधा १०० एमबीचं. त्याच्या आत ईएफआय नावाचं फोल्डर, त्यात मायक्रोसॉफ्टचं एक फोल्डर, उबुंटूचं दुसरं, आणखी काही टाकलं तर त्याचं तिसरं. प्रत्येक सिस्टीम आपला बूटलोडर आपल्याच फोल्डरात ठेवते, म्हणून दुसरीचा पुसण्याचं कारणच उरत नाही. कोणती आधी सुरू करायची हा क्रम डिस्कवर नसतोच. तो मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदलेला असतो आणि संगणक चालू करताना एफ१२ किंवा त्या कंपनीने ठरवलेलं बटण दाबलं की पडद्यावर येतो. पार्टिशनचा तक्ताही बदलला. नव्या जीपीटी तक्त्यात सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. थोडक्यात, एका डिस्कवर अनेक सिस्टीम नांदाव्यात ही सोय आज यंत्राच्या मानकातच धरलेली आहे. मोठं अपडेट झाल्यावर विंडोज कधीकधी क्रमात स्वतःला पहिलं लावून घेतं. लोक म्हणतात, 'लिनक्स उडालं.' प्रत्यक्षात उबुंटूचं फोल्डर तिथेच असतं. क्रम बदलायचा, इतकंच काम.

मग डेटा खरोखर कुठे जातो? बहुतेक वेळा तो जातो इन्स्टॉलरच्या एका पडद्यावर. लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकताना एका टप्प्यावर विचारलं जातं: विंडोजच्या शेजारी टाकायचं, सगळी डिस्क पुसून टाकायचं, की पार्टिशनं स्वतः ठरवायची. पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायात अंतर एका ओळीचं आणि परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक. स्वतः ठरवायचा पर्याय घेतला तर सी, डी अशी ओळखीची अक्षरं दिसत नाहीत. सीला तिथे एनव्हीएमई०एन१पी३ अशा थाटाचं नाव असतं. म्हणून पार्टिशन ओळखायचं ते नावावरून नव्हे, आकारावरून. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधला तक्ता आधीच कागदावर उतरवून घ्यावा: १०० एमबी बूटचं, १६ एमबी विंडोजने राखीव ठेवलेलं, मग मोठं सी, मग दुरुस्तीसाठीचं छोटं. दोन्ही तक्ते जुळल्याशिवाय पुढे जायचंच नाही. ही चूक जाणकारांच्या हातूनही होते. १९९१मध्ये लायनस टॉरवाल्ड्स मिनिक्स ही दुसरी सिस्टीम असलेल्या संगणकावरच लिनक्स लिहीत होते. तेव्हा मोडेमकडे जायच्या सूचना चुकून हार्ड डिस्ककडे गेल्या आणि मिनिक्सचं पार्टिशन बिघडलं. पार्टिशनचा तक्ता हा डिस्कचा सातबारा. उताऱ्यावरची नोंद खोडली म्हणून शेत नाहीसं होत नाही, आणि म्हणूनच जुन्या हार्ड डिस्कवर नुसतं खोडलं गेलेलं पार्टिशन टेस्टडिस्कसारख्या साधनाने पुष्कळदा परत मिळतं. एसएसडीवर मात्र ही आशा धरू नये. नवं फॉरमॅट करताना एसएसडीला 'हे भाग आता रिकामे समज' अशी सूचना जाते आणि थोड्याच वेळात ती ते खरोखर रिकामे करून टाकते. आजचे बहुतेक लॅपटॉप एसएसडीवरच चालतात, तेव्हा वेगळ्या डिस्कवर घेतलेला बॅकअप ही पूर्वअट आहे. तो नसेल तर थांबावं; याबाबतीत सूट नाही.

दुसरं ठिकाण बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कूटबद्धतेचं, आणि ते अनेकांच्या गावीही नसतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कूटबद्ध झालेली असते. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून तर हे आणखी सरसकट झालं आहे. बूटच्या साखळीत काही बदललं की टीपीएमला संशय येतो आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती जवळ नसेल तर डिस्कवरचं सगळं जागच्या जागी असूनही आपल्यापुरतं गेलंच. ही किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवावी, त्याच लॅपटॉपवरच्या फाइलीत ठेवून उपयोग नाही. सर्वांत सोपी रीत म्हणजे कूटबद्धता आधी बंद करायची, ती पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं आणि मग कामाला लागायचं. नंतर ती पुन्हा चालू केली आणि ग्रबच्या यादीतून विंडोजकडे जाताना किल्ली मागितली जाऊ लागली, तर बूटच्या बटणाने थेट विंडोज निवडलं की ती कटकट सहसा थांबते.

तिसरं ठिकाण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८पासून 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ते झोपी जातं. म्हणजे सी हे पार्टिशन अर्धवट उघड्या अवस्थेत असतं. त्यावर लिनक्सने काही लिहिलं आणि मग विंडोज जागं झालं, तर आठवणीतला तक्ता एक आणि डिस्कवरचा दुसरा अशी गत होते आणि फाइली बिघडतात. म्हणून लिनक्स अशा पार्टिशनवर सहसा लिहायलाच नकार देतं. त्या नकाराला लोक लिनक्सचा दोष समजतात, पण ते आपला डेटा वाचवत असतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये एक खूण काढली की हा प्रश्न मिटतो.

जागा करणं हे त्यामानाने सरळ काम. सी लहान करायचं ते विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच, कारण आपल्या फाइली कुठे हलवता येतील हे विंडोजला ठाऊक असतं. कधीकधी दीडशे जीबी रिकामे असूनही ते पाच-दहा जीबीच सोडायला तयार होतं. कारण हायबरनेशनची फाइल, पेजफाइल किंवा रिस्टोर पॉइंट मध्येच कुठेतरी ठाण मांडून बसलेले असतात. ते तात्पुरते बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून पाहिलं की बहुधा जागा सुटते. लिनक्स मिंट किमान २० जीबी मागतं आणि १०० जीबीची शिफारस करतं. २५६ जीबीच्या एसएसडीवर साठ-सत्तर दिले तरी रोजच्या कामाला पुरतात. विंडोज जुन्या लेगसी, म्हणजे बायोसच्या, पद्धतीने टाकलेलं असेल तर लिनक्सही त्याच पद्धतीने टाकावं, मिसळ करू नये; सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड या ओळीत ते दिसतं. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बहुधा इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची सोय चालू असते. ती बायोसमध्ये घाईने बंद केली तर विंडोज सुरू होत नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना देऊन मगच ती बदलावी. आणि लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा असेल, तर वरच्या निम्म्या काळज्या आपोआप गळतात: लिनक्सला स्वतंत्र एसएसडी द्यावी आणि सी लहान करण्याच्या फंदात पडूच नये.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो: आज नीट चाललं तरी उद्याचं विंडोज अपडेट ते मोडेल. हा आक्षेप हवेतला नाही. १३ ऑगस्ट २०२४च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या, सुरक्षेत भोक असलेल्या ग्रबला अडवणारा नियम, फक्त विश्वासू बूटलोडरच सुरू होऊ देणाऱ्या सिक्युअर बूटच्या यादीत घातला. ड्युअल बूट असलेल्या संगणकांवर तो लागू होऊ नये असा हेतू होता, पण काही संगणकांवर दुसरी सिस्टीम ओळखता आली नाही आणि लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणून सुरू व्हायचं थांबलं. सप्टेंबरच्या अपडेटमधून तो भाग वगळला गेला आणि पूर्ण दुरुस्ती मे २०२५मध्ये आली. एवढे महिने लागावेत हे समर्थनीय नाही, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र या प्रकरणात काय मोडलं आणि काय नाही, हे पाहण्यासारखं आहे. कुणाच्याही फाइलींना त्या नियमाने हात लावला नाही. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून, लिनक्समधून तो नियम पुसून ते पुन्हा चालू केलं की गाडी रुळावर येत होती. शिवाय अडकलं ते मुख्यतः दीर्घकाळ न बदललेलं लिनक्स. तेव्हा दोन्हीकडची अपडेट वेळेवर घेणं हाच यावरचा टिकाऊ उपाय. आणि ज्याने विंडोज १० इंटरनेटपासून तोडलं आहे, त्याच्याकडे अशी अपडेट येणारच नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त विचारात घेण्याजोगा: पार्टिशनं कापण्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनाने विंडोजच्या आतच लिनक्स का चालवू नये? ज्याच्याकडे १६ जीबी रॅम, विंडोज ११ आणि दोन्हीकडची कामं एकाच वेळी करायची गरज आहे, त्याने खुशाल तसंच करावं. त्याच्यासाठी तो मार्ग ड्युअल बूटपेक्षा सरस आहे. पण आपण ज्या यंत्राबद्दल बोलतो आहोत तिथे आठ जीबीत दोन सिस्टीम एकदम कोंबल्या की दोन्ही रडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतलं लिनक्स कितीही सुरक्षित असलं तरी खालचा पाया दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजचाच राहतो, आणि त्याला इंटरनेटला जोडलेलं ठेवावं लागतं. ज्या धोक्यापासून दूर जायचं तो मुळाशीच राहिला. पेन ड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह चालवणं ही मात्र ड्युअल बूटची उत्तम पूर्वतयारी आहे. डिस्कला हात न लावता वाय-फाय चालतं का, आवाज येतो का, लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होतो का, प्रिंटर कागद घेतो का, मराठी टाइप होतं का, हे सगळं तासाभरात कळतं. यातली एखादी गोष्ट अडली तर तिथेच थांबता येतं. याच टप्प्यावर पुष्कळांचा निर्णय व्हायला हवा. इन्स्टॉल करून मग वाय-फायचा ड्रायव्हर शोधत बसण्यात हशील नाही.

रोजच्या वापरातल्या काही अडचणी आधी माहीत असल्या म्हणजे माणूस घाबरत नाही. पहिली घड्याळाची. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ आहे असं धरतं, लिनक्स जागतिक वेळ. म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ नेमकं साडेपाच तास मागे दिसतं. हिशेबाच्या नोंदींवर तारीख-वेळ पडत असेल तर ही बाब किरकोळ नाही, आणि इंटरनेट तोडलेलं विंडोज ती आपोआप सुधारूनही घेणार नाही. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेत ठेवायला सांगणारी एक आज्ञा दिली की पुरतं. दुसरी ग्रबच्या यादीची: २०२१च्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टीम शोधण्याची सोय ग्रबमध्ये मुळात बंद ठेवलेली असते, त्यामुळे काही लिनक्सवर यादीत विंडोज दिसत नाही. ते पुसलं गेलेलं नसतं. ग्रबच्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलून यादी नव्याने बनवायची. तिसरी फाइलींची. विंडोजला लिनक्सचं एक्स्ट४ पार्टिशन वाचता येत नाही, उलट लिनक्सला विंडोजचं एनटीएफएस उत्तम जमतं, लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २०२१मधल्या ५.१५ आवृत्तीपासून त्याचा नवा ड्रायव्हर त्यातच आहे. म्हणून दोन्हीकडे लागणारी कागदपत्रं वेगळ्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवावीत. मंगल फाँटातलं पत्र लिनक्सवर उघडलं आणि फाँट तिथे नसेल तर ओळी सरकतात. दोन्हीकडे मुक्ता किंवा नोटो टाकून घेतला की पान सारखं दिसतं.

हेही स्पष्ट असावं की दोन सिस्टीम म्हणजे दोन तिजोऱ्या नव्हेत. कूटबद्ध नसलेलं सी लिनक्समधून सरळ वाचता येतं, आणि विंडोजमध्ये पूर्ण अधिकार मिळवलेला घातक प्रोग्रॅम एक्स्ट४ वाचू शकला नाही तरी ती जागा नासवू शकतो. बॅकअपची डिस्क एरवी काढून ठेवलेली असावी ती यासाठी.

राहिला प्रश्न माघारीचा. लिनक्स नकोसं झालं तर आधी बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिला आणावा आणि विंडोज सुरू होतंय याची खात्री करावी. मग डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन काढलं की मोकळी झालेली जागा सीला लागूनच असते, कारण ती तिथूनच कापलेली असते. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' म्हटलं की सी पूर्ववत मोठं होतं. बूटच्या पार्टिशनमध्ये उबुंटूचं फोल्डर काही एमबी अडवून मागे राहतं, पण ते विंडोजच्या आड येत नाही. या कामात बूटचं पार्टिशन मात्र चुकूनही काढू नये. विंडोज सुरू होतं ते त्याच १०० एमबीमधून.